अनामित प्रवासी

पॉलिसी सोळा पानांची आहे.
रजियाने ती डब्याच्या पिशवीतून आणली,
प्लास्टिकच्या फोल्डरात, वर आरसीची झेरॉक्स,
पलंगाच्या कडेला ठेवली
आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली.
खिडकीतून अजिंक्यताऱ्यावरचा टॉवर दिसतो.
तोच बघत राहिली, जणू त्याचं रीडिंग घ्यायचंय.

माझा पाय उशीवर. पायात रॉड, रॉडला चार स्क्रू,
स्क्रूंचं बिल वेगळं.
चष्मा लावला, वाचायला घेतलं.
कलम, उपकलम, याअन्वये, वगळून.
कोरेगावच्या दवाखान्यात आम्ही दोघी
अकरा वर्षं रक्त तपासतोय,
बारीक गोष्टींची भीती नाही मला,
पण हे काही काचेवर पसरून
सूक्ष्मदर्शकाखाली धरता येत नाही.

गाडीचं नुकसान: मिळेल.
बंपर, काच, डावा दरवाजा, सगळ्याला भाव आहे,
प्लास्टिकला निम्मा.
मालक-चालक: पंधरा लाख,
पण मेला तर. किंवा हात, पाय, डोळा गेला तर.
रजियाच्या कपाळाला सात टाके, ते कशातच बसत नाहीत.
त्याखाली एक ओळ,
अनामित प्रवासी,
पुढे रकाना, रकान्यात आडवी रेघ.

"एजंट म्हणालेला," ती खिडकीकडेच तोंड करून बोलली,
"बाई, गाडीत बसतंय कोण? वाचवा की अडीचशे."

अकरा वर्षं एका डब्यातली भाजी.
माझ्या घटस्फोटाच्या प्रत्येक तारखेला
कोर्टाच्या बाकावर बसलेली ती,
एकदा तर रोजा असताना, भर मे महिन्यात.
आणि मी अनामित.

ट्रॅक्टरला विमा होता म्हणे, ट्रॉलीला नव्हता.
आम्ही आदळलो ट्रॉलीवर.
माहुलीच्या अलीकडे, रात्री पावणेनऊ,
उसाच्या दोन ट्रॉल्या, मागे ना दिवा ना रेडियमची पट्टी.
पोलीस यायच्या आत तो गेला
आणि कारखान्याच्या रांगेत उभा राहिला,
तिथे तसलेच चारशे.

करपे वकिलांचं ऑफिस जिन्याखाली आहे.
मला खुर्चीसकट आत घेतलं.
म्हणाले, घाबरू नका, तुम्ही थर्ड पार्टी.
पहिली पार्टी मालकीण, दुसरी कंपनी,
उरलेली सगळी दुनिया तिसरी.
रस्त्यावरचा माणूस तिसरा, त्याची म्हैस तिसरी,
शेजारच्या सीटवरच्या तुम्हीपण.
पॅकेज पॉलिसी आहे, नशीब समजा.
फक्त एवढं लिहायचं:
गाडी हयगयीने व अविचाराने चालवली.
सामनेवाला क्रमांक एक, मुजावर बाई.
पैसे कंपनी देणार, त्यांचा रुपया जात नाही.

हयगय.
मी पेशंटना सांगते तो शब्द,
गोळ्यांच्या बाबतीत.

अर्जात रकाने पुष्कळ.
वय, मिळकत, खाटेवरचे दिवस, अपंगत्व टक्क्यांत.
ट्रॉली दिसायच्या आधी
मी शेंगदाण्यांची सालं फुंकून
तळहात तिच्यापुढे धरला होता,
घे ना, गरम आहेत,
आणि तिने मान वळवली होती,
त्याला रकाना नाही.
करपे म्हणाले, विचारलं तरच सांगायचं.

रजिया पलंगाशी आली. पेन तिनेच काढलं.
"रझिया लिहू नकोस. आरसीवर ज आहे,
ज-च राहू दे, नाहीतर कागद परत येतो.
मुजावर, मु पहिला."
मी लिहीत गेले.
मग ती रिपोर्ट तपासते तशी
ओळीवर बोट ठेवून वाचत गेली.
हयगयीवर बोट थांबलं नाही.
पुढे, दोन ओळींमधल्या कोऱ्या जागेत थांबलं,
जिथे शेंगदाणे असायला हवे होते.
माझ्याकडे बघितलं तिने.
मी पाय हलवला, उगाच, आणि कळ आली.

गाडी गॅरेजात तयार आहे, म्हणाली.
कंपनीने काच दिली, दरवाजा दिला, रंग थोडा वेगळा लागलाय.
आणायला कधी जायचं, मी विचारलं.
तिने फोल्डर पिशवीत घातला,
पोवई नाक्यापर्यंत चालतच जाते, म्हणाली,
आणि डबा इथेच विसरून गेली.